आईची भीती

प्रिय आईस, धाकटीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे. वसतिगृहात जेवण वेळेवर मिळतं. वहिनीच वाचून दाखवतेय ना? मागचं पत्र तिच्या अक्षरात आलं, तेव्हाच समजलं की मोतीबिंदू वाढलाय.

व्याकरण संपलं, रस शिकून झाले, आता वक्तृत्व चालू आहे. परवा प्रत्येकीला वर्गाला काहीतरी पटवून द्यायचं होतं. ‘आईने डोळ्याचं ऑपरेशन का करावं’ यावर मी बोलले. टाळ्या पडल्या. आमच्या बाई मात्र म्हणाल्या, “मुद्दे चोख आहेत. पण आई नन्नाचा पाढा का लावते, हे कुठे सांगितलंस? समोरच्याची भीती आधी आपण बोलून दाखवावी, मग आपलं म्हणणं मांडावं.”

वहिनी, इथून जरा सावकाश वाच.

आई, बाबा दवाखान्यात चालत गेले आणि परत आले नाहीत. घरात हे कुणी कधी बोललंच नाही. दवाखान्याची मलाही भीती वाटते.

तारीख ठरव. मी रजा काढून येते, आत नेतील तेव्हा दाराशी बसून राहीन. त्यानंतरचं पत्र मात्र तुझ्या हातचं हवं. ओळी वाकड्या आल्या तरी चालतील.

तुझीच,
धाकटी