टायरची पांढरी बाजू

दादा,

नमस्कार-बिमस्कार राहू दे, डोकं फिरलंय माझं. हे पत्र पाठवणार नाही, म्हणून मनसोक्त लिहिते.

अप्पांच्या जुन्या गाडीला त्या काळी असत तसे पांढऱ्या पट्ट्याचे टायर तूच पसंत केलेस. मला बरं वाटलं, कारण अप्पांच्या नजरेला आता तेवढा पांढरा रंगच कळतो. आणि तू मला न विचारता मेस्त्रीला फोन केलास, की पांढरी बाजू आत करून बसव, जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनापर्यंत मळायला नको. सोफ्याचं प्लास्टिक न काढणाऱ्या वहिनीचा गुण लागला वाटतं तुला.

गेल्या आठवड्यात मी अप्पांना हाताला धरून गॅरेजात नेलं. ते चाकाशी वाकले, डोळे बारीक करून बघत राहिले आणि म्हणाले, "ही आपली नाही गं. आपली विकली का थोरल्याने?" म्हातारा माणूस रडला, दादा. तुझे प्रदर्शनातले परीक्षक येणार होते का डोळे पुसायला?

मी मेस्त्रीला बोलावून चारही टायर काढायला लावले आणि पांढरी बाजू बाहेर घेतली. तो म्हणाला, "ताई, साहेब रागावतील." म्हटलं, "रागवायला तरी येऊ दे त्याला."

आज अप्पा आपणहून गाडीत जाऊन बसले. स्टिअरिंग धरलं आणि लहानपणी तू झोपायचास त्या मागच्या सीटकडे न बघताच विचारलं, "थोरला झोपला का गं मागे?"

मी म्हटलं, "हो, झोपलाय."

याहून बरं तुझ्याबद्दल मला काही सांगता आलं नाही.

तुझी,
धाकटी