सिक लाईन

ड्रिग रोड, कराची
१२ ऑगस्ट १९३४

ती. अक्कास श्रीमंतचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पोरगा विमान उडवतो असं अव्वा होटगीभर सांगत फिरते, हे वाचून हसू आलं. तिला समजव. उडवणारे साहेब वेगळे. आम्ही हवाई शिपाई जमिनीवरचे. आमच्या स्क्वॉड्रनची विमानं चार. प्रत्येकाच्या इंजिनाला एक फिटर आणि पंख, कापड, तारा बघायला एक रिगर. रोजची तपासणी आम्ही करायची. मोठी मोडतोड झाली की विमान शेजारच्या डेपोत जातं. मी त्याच डेपोत शिकलो आणि आता फिटर झालो. साहेब आधी माझी सही बघतो, मगच आत बसतो. हे अप्पांना नक्की सांग.

एक फजिती सांगतो. परवा एक इंजिन अडखळत होतं. मी सवयीनं सार्जंटला म्हणालो की हे सिक आहे. तिकडं रेल्वेत अप्पा मालगाडीच्या बिघडलेल्या वाघिणीवर खडूनं सिक लिहितात, मग ती सिक लाईनीवर जाते आणि दुरुस्त होऊन परत रुळावर येते. माझ्या तोंडात तोच शब्द. पण इथं सिक होतो तो फक्त माणूस, आणि सिक क्वार्टर्स म्हणजे छावणीचा दवाखाना. सार्जंटनं मलाच तिकडं थर्मामीटर लावायला धाडलं. तेव्हापासून जो भेटेल तो माझी नाडी बघतो.

हे मात्र अप्पांना सांगू नकोस. त्यांच्या शब्दाला कोणी हसलं हे त्यांना आवडायचं नाही.

रागावतेस तशीच या धाकट्यावर रागावत राहा.

तुझा
श्रीमंत


सोलापूर
२६ ऑगस्ट १९३४

चि. श्रीमंत यास अ. उ. आ.

पत्र मिळाले. अव्वाला समजावले. ती म्हणाली की हा नीट करतो म्हणूनच ते उडते ना, मग उडवतो म्हटले तर काय बिघडले. अप्पांना सहीचे सांगितले. साहेब खरेच सहीसाठी थांबतो का, असे त्यांनी दोनदा विचारले. दुसरी गोष्ट सांगितली नाही.

इस्पितळात आमच्या वॉर्डात विषमज्वराचे रोगी वाढले आहेत. तिकडेही असतील. पाणी उकळलेलेच पी. बाजारातले सरबत आणि कापलेली फळे बंद. तू हसशील, हस, पण पाळ. मी कोरडी लिहिते अशी तुझी तक्रार आहे. तापाचे तक्ते भरून भरून हात तसा झाला आहे.

दिवाळीला रजा मिळते का ते कळव. वाट पाहते.

तुझी
दाक्षायणी


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
होटगी
२८ सप्टेंबर १९३४

चि. दाक्षायणीस अनेक आशीर्वाद.

तू रविवारी येशील, तेव्हा तोंडानंच सांगू म्हणून थांबलो होतो. तुला ड्युटी लागली, म्हणून लिहितो. मागल्या आठवड्यात कराचीहून कार्ड आलं. श्रीमंतच्या सोबत्यानं इंग्रजीत लिहिलंय. याला नव्या कामातून सवड नसेल. मला इंग्रजी येत नाही, पण पोराचं नाव ओळखतो, आणि सिक हा शब्द तर जन्मभर खडूनं लिहीत आलोय. दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यायची गरज पडली नाही. श्रीमंतला सिक लाईनीवर घेतलंय. मी वाघिणी तपासून म्हातारा झालो, पण सिक लाईनीचा मिस्त्री काही झालो नाही. पोरगं दीड वर्षात झालं. अव्वाला सांगून गल्लीत पेढे वाटले. तुझ्या वाटणीचे ठेवलेत.

सवड काढून येऊन जा, बाई.

अप्पा


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
होटगी
२८ ऑक्टोबर १९३४

चि. दाक्षायणीस अनेक आशीर्वाद.

तू परत गेल्यापासून घर गप्प आहे. श्रीमंत तापानं गेल्याची तार आली, त्याच सकाळी माझं पेढ्यांचं पत्र तुझ्या हाती पडलं होतं. दुपारी तू आलीस, सगळं उरकेपर्यंत राहिलीस, पण त्या पत्राबद्दल एक अक्षर बोलली नाहीस. तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

काल स्टेशनमास्तर भेटायला आले. त्यांना कार्ड दाखवलं. त्यांनी ते पुढून मागून वाचलं. मग म्हणाले की यात आजाराचं लिहिलंय असं दिसतं, मुलीला विचारा. अव्वा तिथंच होती. ती मला म्हणाली की पोरगं तापानं फणफणत होतं आणि तुम्ही मला पेढे वाटायला लावले. तेव्हापासून ती जेवत नाही.

कार्ड सोबत धाडतो. तू कधी खोटं बोलत नाहीस. यात काय लिहिलंय ते सांग. कार्ड आलं त्याच दिवशी मी गाडीत बसलो असतो, तर तो भेटला असता का?

अप्पा


सोलापूर
३० ऑक्टोबर १९३४

ती. अप्पांचे चरणी दाक्षायणीचा कृ. सा. न. वि. वि.

कार्ड वाचले. मास्तरांना विमानदलाची व्यवस्था ठाऊक नाही. तिथे स्क्वॉड्रनला जोडून दुरुस्तीची एक शाखा असते. तिला सिक क्वार्टर्स म्हणतात. श्रीमंतने मला ऑगस्टमध्येच लिहिले होते की हा शब्द तिथे रेल्वेसारखाच वापरतात. आपण बरोबर वाचलेत. ताप त्यानंतर आला. विषमज्वर कधी कधी फार वेगाने चढतो. अशा रोग्याला शुद्ध नसते आणि त्रास कळत नाही. होटगीहून कराची गाठायला जेवढे दिवस लागतात तेवढे त्याच्याजवळ नव्हते. आपण निघाला असतात तरी भेट झाली नसती.

आपल्या पत्राबद्दल मी बोलले नाही, कारण त्यात बोलण्यासारखे काही नव्हते. अव्वाला हे वाचून दाखवावे. तिने जेवावे.

आपली
दाक्षायणी


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
होटगी
२ नोव्हेंबर १९३४

चि. दाक्षायणीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अव्वाला दोनदा वाचून दाखवलं. जेवली. आज सकाळी तिनं दिवाळीची भांडी घासायला काढली, मग आठवण झाली तशी परत ठेवली. पण बोलते आहे. माझ्याशीही बोलते.

मास्तर वाटेत भेटले. त्यांना पत्र दाखवलं नाही, काही विचारलंही नाही. तुझ्या अक्षरात कधी खाडाखोड नसते, बाई. या पत्रात ताप त्यानंतर आला एवढं एक वाक्य तू तीनदा खोडून लिहिलंयस. अव्वाला वाचता येत नाही ते बरं आहे.

मला तुझं लिहिणं पटलं, असंच घरात राहू दे. कार्ड तुझ्याकडंच ठेव. परत पाठवू नकोस.

अप्पा