पॅकार्ड मी नेते आहे

चि. जागेश्वर,

“आधी इंजिनाचं ऐक वं, मग गिअर टाक,” असं तुझे बाबा मला गाडी शिकवताना म्हणायचे. रोज सकाळी पूजेपर्यंत माझं मौन असतं, म्हणून लिहून ठेवते. आज त्यांना दवाखान्यातून सोडणार आहेत. उजवा हात अजून उचलला जात नाही. ‘तुमच्याच गाडीत घरी आणीन’ असा शब्द मी दिलाय, तू टॅक्सी सांगू नको.

भंगारातून आणलेल्या या अमेरिकन पॅकार्ड गाडीचा एकेक नट त्यांनी हातानं बसवला. उन्हात इंजिनाजवळचा पेट्रोल पंप तापला की ती रुसते, म्हणून त्यांच्यासारखंच पंपावर ओलं फडकं बांधलंय. देवाला नैवेद्य तेवढा तू दाखव.

इंजिन सुरू आहे आणि मी बॉनेटवर कागद ठेवून लिहून राहिले. बघ, एक अक्षर हललं नाही. चिठ्ठी कडीला अडकवून निघते.

आई