इब्र्याच्या माळावरची राखण

१२ फेब्रुवारी १९९८, गुरुवार

पोचलो एकदाचा! मस्कतहून इब्र्यापर्यंत कंपनीच्या गाडीतून आणि तिथून पुढे जैनुद्दीनच्या पाण्याच्या टँकरमधून. जैनुद्दीन रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचा. मी देवगडकडचा हे कळल्यावर त्याने भर रस्त्यात टँकर थांबवून मला मिठी मारली. म्हणाला, चार वर्षं झाली, इथे मराठीत शिव्या द्यायलाही बरोबरीचं कुणी नाही. म्हटलं, बाबा, आता चिंता सोड.

माझी खोली म्हणजे पत्र्याची केबिन. आत एसी आहे, खाट आहे, गॅस आहे. मागे माळ, आणि माळाला लागून टेकडी. टेकडीच्या धारेवर दगडी थडगी. चुना नाही, माती नाही, नुसते चपटे दगड एकावर एक रचलेले. लांबून पालथे घातलेले रांजण वाटतात. पाच हजार वर्षांची आहेत म्हणे. कंपनीचा इंजिनिअर शिरीष पुण्याचा आहे. त्याने सांगितलं की सरकारी खात्याला इथे कुंपणाची भिंत हवी आहे, ती कंपनी बांधणार आणि मी जागेवर राहून राखण करायची.

हे काम माझ्या रक्तातलं आहे. गावाकडे समुद्रकाठच्या किल्ल्यावर पहारेकरी होतो. लोक बुरुजावर बदाम काढून आपली आणि बायकोची नावं कोरायचे, आणि मी काठी घेऊन मागे धावायचो. माझी बायको सुगंधा म्हणायची, सरकार तुम्हाला पहाऱ्याचा पगार देतं, रागाचा नव्हे. इथे पगार चौपट आहे, तेव्हा रागही चौपट करायला हरकत नाही.

जैनूने जेवायला सुकटीची चटणी दिली. पोट भरून जेवलो.

२१ फेब्रुवारी

आज खात्याच्या अधिकारी हाफिजा मॅडम पाहणीला आल्या. जन्म झांझिबारचा, मग घरची मंडळी ओमानला परत आली. लहानपणी शेजारी कच्छी दुकानदार होते, म्हणून हिंदी बरी बोलतात. बाई बोलायला लागल्या की थांबत नाहीत, आणि थांबू नयेतच असं वाटतं.

त्यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर काही वर्षं हेच काम केलं. तिथे समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडाच्या जुन्या कबरी आहेत, त्यांच्यात चिनी वाडगे बसवलेले असायचे. आधी लोकांनी वाडगे उचकटून विकले. मग हॉटेलवाल्यांनी कबरींचे दगड भाजून चुना केला. मग खात्याने लोखंडी कठडे लावले, तर कठडेच भंगारात गेले. सांगताना त्यांचा आवाज कापत होता. मला बाई आवडल्या. रागावता येणारं माणूस खोटं नसतं.

जाताना त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला, की इथला एकही दगड हलू देणार नाही. मी दिला. इथले बकऱ्या चारणारेही कधी थडग्यांना हात लावत नाहीत, सावलीलासुद्धा बसत नाहीत. आमच्या गावची जागा राखणारा देव, राखणदार, त्याच्या जागेसारखंच. तिथलं लाकूडही कुणी मोडत नाही. एकदम घरच्यासारखं वाटलं.

१८ मार्च

संतापात लिहितोय, अक्षर वाईट येतंय, येऊ दे.

भिंतीला दगड कुठून येतो हे मी इतके दिवस विचारलं नव्हतं. वाटलं होतं खाणीतून येतो. आज टेकडीच्या पलीकडच्या उतारावर गेलो, माझ्या केबिनमधून तो दिसत नाही. तिथली थडगी नाहीतच! नुसते गोल डाग उरलेत जमिनीवर. गुलजार नावाचा पेशावरकडचा माणूस लोडर चालवतो, तो आरामात डंपरमध्ये दगड भरत होता. ज्यांना राखायला भिंत, त्यांचेच दगड काढून भिंत! कुंपणाने शेत खाल्लं ही म्हण शाळेत पाठ केली होती, डोळ्यांनी आज बघितली.

शिरीषला गाठला. तो गाडीतून उतरलासुद्धा नाही. काच खाली करून म्हणाला, पलीकडची पडकीच होती, नुसते ढीग. उरलेला माल रस्त्याच्या भरावाला जाणार आहे, अर्बाबचा, म्हणजे कंपनीच्या अरब मालकाचा, तो दुसरा ठेका आहे, आणि मी माझ्या कामाशी काम ठेवावं. मी म्हटलं, माझं कामच हे आहे. त्याने काच वर केली.

मी इब्र्याला जाऊन हाफिजा मॅडमना फोन केला.

१४ एप्रिल

मॅडम आल्या, फोटो काढले, अहवाल पाठवला, सगळ्यांसमोर शिरीषला झापलं. आणि आज कळलं की त्यांची बदली झाली. मस्कतच्या ऑफिसात टेबल दिलंय, बाहेर पडायचं नाही. मला निरोप पाठवला की एकनाथ, दिलेला शब्द विसरू नकोस.

शिरीषने हसत हसत मला आठवण करून दिली की माझा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात आहे. उद्यापासून थडग्यांची पुढची रांग काढणार आहेत.

जेवण गेलं नाही. जैनू म्हणाला, आपण परमुलखात आलेली माणसं, गिळून टाक. मी त्यालाही बोललो. नको ते बोललो. त्याने ऐकून घेतलं आणि माझं ताट झाकून ठेवलं.

१५ एप्रिल

इब्र्याच्या बाजारातून नारळ आणला आणि ऐन बाराच्या उन्हात टेकडीवर गेलो. आमच्याकडे जागेवर अन्याय झाला की राखणदाराला गाऱ्हाणं घालतात. इथला राखणदार कोण मला ठाऊक नाही, त्याला मालवणी कळते का तेही नाही. पण मला दुसऱ्या कुणाकडे जायला जागाच ठेवली नव्हती या लोकांनी.

नारळ ठेवला आणि ओरडलो, बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा, जो कोण हयचो दगड हलयतलो, तेचो हात हयसून माघारी जावक नको! तुका एकट्याक झेपणा नसात तर मी आसय तुज्या वांगडा, तुज्या सोबतीक. माजे हात घे, म्हाराजा!

गाऱ्हाण्याला शेवटी जमलेली माणसं ‘होय म्हाराजा’ म्हणतात. ती म्हणेपर्यंत गाऱ्हाणं पुरं होत नाही. मी एकटाच होतो.

तरी हुंकार आला. थडग्यांच्या आतून, सगळ्यांतून एकदम.

वारा असेल. घुमतो असा.

२९ एप्रिल

गुलजार मेला.

दुपारच्या सुट्टीत तो दिसेना म्हणून शोधाशोध झाली. एका थडग्यात सापडला. त्या थडग्याचं तोंड इतकं बारीक की बकरी जेमतेम शिरेल. पोलिसांना वरचे दगड काढून त्याला बाहेर घ्यावं लागलं; दगड त्यांनी पुन्हा जागच्या जागी रचले. आत तो गुडघे छातीशी घेऊन बसला होता. पोलीस म्हणाले, उष्माघात, सावलीला आत शिरला असेल. एवढा आडदांड माणूस कुठून शिरला हे कुणी विचारलं नाही.

मी तेव्हा केबिनमध्ये झोपलो होतो. गलका ऐकून उठलो तेव्हा माझे हात कोपरापर्यंत धुळीने माखलेले होते. तीन नखं मुळापासून मोडली होती.

आणखी एक लिहायला हवं. बातमी ऐकली तेव्हा मनात पहिला शब्द आला, बरं झालं. तो शब्द माझाच होता. गुलजार मला रोज सलाम करायचा.

९ मे

आता समजतंय काय चुकलं ते. गाऱ्हाण्यात मागायचं असतं, तू राख, तू सांभाळ. स्वतःला द्यायचं नसतं. गावचा गुरव लहानपणी आम्हाला बजावायचा की देवासमोर ‘मी’ म्हणू नका, तो शब्द धरतो. मी रागाच्या भरात हात देऊन बसलो.

दुपारी झोप येते, टाळता येत नाही. जैनू म्हणतो की त्या वेळी मी टेकडीवर उभा असतो, उघड्या डोक्याने, हाका मारल्या तर वळत नाही. तुझे हात, म्हणाला, तुझ्या अंगावर दुसऱ्याचे लावल्यासारखे लोंबतात.

ऊन लागत नाही. भूक लागत नाही. राग तेवढा लागतो.

१६ मे

जैनूने मला टँकरमध्ये बसवलं. म्हणाला, पासपोर्ट गेला खड्ड्यात, आधी इब्र्याच्या डॉक्टरकडे चल. भिंतीची हद्द ओलांडली आणि माझे हात स्टिअरिंगवर गेले. मी नेले नाहीत. ते गेले. टँकर उलटता उलटता राहिला. जैनूने ब्रेक मारून वेग कमी केला, पण हात चाक सोडेनात. टँकरचं तोंड पुरतं टेकडीकडे वळल्यावर सोडलं त्यांनी.

मी रडलो. त्याला गाऱ्हाण्याचं सगळं सांगितलं, शब्दन् शब्द. तो हसला. त्याने माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, दुआ म्हटली, फुंकर मारली. म्हणाला, तुजे हात मना काय करनार?

त्या मूर्खाला कळत नाही. गाऱ्हाण्यात मी नाव घातलं नव्हतं. मित्र वगळा असं म्हटलं नव्हतं.

२४ मे

आणखी एक. लोडरवर नवीन आलेला माणूस. पहिल्याच दिवशी. तसाच बसलेला.

माझे हात — पुन्हा धूळ. घासून धुतले. जात नाही.

शिरीष आला होता. गाडीतच बसला. काचेतून पेनाने दाखवत होता, हे काढा, ते काढा. मी गाडीसमोर जाऊन उभा राहिलो. मनातून हातांना म्हटलं, जा! हा बघा, हा खरा चोर! घ्या याला! हात हलले नाहीत. लाकडासारखे लोंबत राहिले.

का ते कळलं. त्याचा हात दगडाला कधी लागतच नाही. अर्बाबचाही नाही. ज्याने सही केली त्याचा नाही, ज्याने मॅडमना टेबलामागे बसवलं त्याचाही नाही. दगड उचलणारे हात गरिबाचेच. मी गाऱ्हाण्यात ‘हात’ म्हटलं. ‘तोंड’ म्हणायला हवं होतं. ‘हुकूम’ म्हणायला हवं होतं. दुपारी पुन्हा वर गेलो, पुन्हा ओरडलो, गाऱ्हाणं फिरव, म्हाराजा, ज्याच्या हुकमाने झालं त्याला धर!

या वेळी हुंकार आला नाही.

माझ्या तोंडात माती, राखणदारा, तुझ्याही तोंडात माती. पाच हजार वर्षं बसून तुलाही मालक आणि मजूर ओळखता येत नाहीत?

२ जून

ड्रायव्हर सगळे पळाले. कुणी दगडाला हात लावेना. बरं वाटलं. वाटलं, आता संपलं, आता हात परत मिळतील.

हातात काही धरलं की थोडे शांत राहतात. पेन्सिल धरली की सर्वांत शांत. लिहीत असलो की माझे असतात. म्हणून लिहितो. सुगंधाचं नाव पानभर लिहिलं.

१० जून

जैनू सांगून गेला — शिरीषने त्याच्याशी सौदा केलाय. वरची शेवटची रांग डंपरमध्ये भरून रस्त्यावर टाकायची. एकट्याने, हाताने. मग माझा पासपोर्ट देणार. तिकीटही देणार.

मी पाया पडलो त्याच्या. म्हटलं नको. मला इथेच मरू दे. म्हणाला, तू आजारी हायस, गप बस. म्हणाला, घरी गेलास की बरा होशील. रशीदाला, त्याच्या बायकोला, त्याने फोनवर सांगितलंसुद्धा, की एकनाथ सुटतोय.

माझ्यासाठी. माझ्याचसाठी दगड उचलणार तो.

शिरीष, तुला हे माहीत आहे. तुला सगळं माहीत आहे. म्हणूनच तू उतरत नाहीस.

११ जून

डंपर आला. दार आतून लावलंय. कडीला दोरी बांधली, तिला खाट टेकवली. पेन्सिल घट्ट धरली आहे. उजव्या हातात आहे तोवर उजवा माझा. डावा वहीखाली दाबून धरलाय.

खिडकीतून जैनू दिसतोय. पासपोर्ट दाखवतोय हात हलवून. हसतोय. आधीच दिला त्यांनी. कामाआधीच.

ओरडलो. एसीचा आवाज, डंपरचा आवाज — ऐकू जात नाही. काचेवर डोकं आपटलं. तो पुन्हा हसला. थांब म्हणाला हाताने.

जैनू नको. ठेव तो. जैनू उचलू नको —

उचलला.

डावा वहीखालून निघाला. दोरी सोडतोय. मी लिहितोय. लिहितोच आहे. सुगंधा सुगंधा — खाट सरकली. पाय माझे आहेत, पाय रोवलेत, पण हात ओढतात —

कडी निघाली

उजवा अजून माझा. उजवा माझा. जैनू पळ, मागे बघू नको, डंपर सोड, पळ, बोटं सुटतायत, मी ये