अकराव्यांदा रिन्यू

४ फेब्रुवारी
यंदाचे संकल्प. एक, मेअखेर संपणारा व्हिसा रिन्यू करणे. दोन, कोणावरही विश्वास न ठेवणे. तीन, दुसरा संकल्प कोणाला न सांगणे.

ही अकरावी खेप. इतर लोक रिन्यूअल आलं की देव पाण्यात घालून बसतात. माझ्यासाठी तो हातचा मळ.

हिने पुन्हा पडद्याच्या दांडीचा विषय काढला. आपण इथे तात्पुरते आहोत हे मी बायकोला वर्षानुवर्षं सांगतोय. भिंतीला खिळा ठोकला की माणूस अडकला. आमचं कॅलेंडर फ्रिजला टेकवून उभं असतं, काही बिघडत नाही. सोफ्यावरचं प्लास्टिकही मी अजून काढू दिलेलं नाही. उन्हाळ्यात पाय चिकटतात, एवढंच.

वही इस्त्रीच्या रिकाम्या खोक्यात ठेवतोय. कोणी चोरून वाचलीच, तर त्याला कळेलच की मला सगळं कळलं आहे.

९ फेब्रुवारी
फॅक्टरीत नवा माणूस आला. सारखा हसतो. नाव ठेवलं हसऱ्या.

आमच्याकडे पुठ्ठ्याची खोकी बनतात. खोकी घडी करून चिकटवणारं जुनं मशीन माझ्या ताब्यात आहे. सगळे त्याला म्हातारी म्हणतात. म्हातारीची नस माझ्याशिवाय कोणाला सापडत नाही, आणि सापडू नये याची मी पुरेपूर काळजी घेतो. दुरुस्ती करताना चारी बाजूंनी ताडपत्री लावून आत बसतो. कंपनीला माझी गरज आहे तोवर व्हिसा आहे. साधा हिशोब.

हसऱ्याने विचारलं, आत येऊन बघू का. म्हटलं, स्प्रिंग उडून डोळ्यात जाईल.

१० फेब्रुवारी
हसऱ्या गॉगल घेऊन आला. माणूस डेंजर आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
ही दातांच्या डॉक्टरकडे गेली. गेल्या गुरुवारीही गेली होती. हिचे दात मी रोज बघतो. एकही जागचा हललेला नाही. शिवाय दात दाखवायला कोणी ठेवणीतला स्वेटर घालत नाही.

१६ फेब्रुवारी
जेवताना कन्येने विचारलं, बाबा, ऑगस्टमध्ये मला अठरा पूर्ण झाली की माझं काय? मुलं अठरा वर्षांपर्यंतच बापाच्या व्हिसावर राहू शकतात असं तिला कोणीतरी सांगितलंय. शाळेचं शेवटचं वर्ष मध्येच राहील म्हणाली. मी म्हटलं, नियम कागदावर असतात, आपल्याला माणसं सांभाळता येतात. कोणती माणसं, असं तिने विचारलं. हल्ली फार प्रश्न विचारते. हिचीच फूस.

मग ही म्हणाली, अहो, पंचेचाळिशीच्या आत कायमचा अर्ज करा म्हणून मी दरवर्षी मागे लागले होते, आता तुम्हाला सेहेचाळीस झाली, दार बंद झालं. मी हसलो. कायमचं राहू द्या असा अर्ज केला की समोरच्याला लगेच कळतं, हा गरजू आहे. माझ्यासारख्याने बॅग भरून तयार आहोत असं दाखवावं. मग तेच थांबवतात. आजवर थांबवलं की नाही?

वयाची अट सर्वसामान्यांसाठी असते.

२० फेब्रुवारी, गुरुवार
पोट दुखतं सांगून फॅक्टरीतून लवकर सुटलो. हिच्या मागे मागे गेलो. बेकरीच्या काचेआडून पाहिलं. समोरच्या इमारतीच्या दारात कन्या उभी! शाळा बुडवून! मग एक टायवाला बाहेर आला, दोघींशी हात मिळवले आणि आत घेऊन गेला.

मायलेकी दोघी सामील. बेकरीवाली सारखी बघत होती म्हणून एक पाव घ्यावा लागला.

शक्यता: टायवाला विमा एजंट आहे आणि विमा माझा आहे.

२१ फेब्रुवारी
पाव कुठून आला, हिने विचारलं. मी सरळ टायवाल्याचं नाव काढलं. मला वाटलं होतं रडेल, पाया पडेल. ही शांतपणे भाजी चिरत राहिली.

चिरता चिरता म्हणाली, टायवाला वकील आहे. ही ज्या वृद्धाश्रमात काम करते तिथे माणसांची चणचण, म्हणून आश्रमच हिच्यासाठी कायमच्या व्हिसाचा अर्ज करतोय. कन्येचं नाव त्यात आहे. सोमवारी अर्ज जाणार. ही म्हणाली, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मोडता घातला असता, पण आता विचारते, तुमचं नाव घालू का? नवऱ्याचं नाव चालतं, वयाची अट त्याला नाही.

मी फार विचार केला. जवळजवळ पूर्ण चहा होईपर्यंत. एकाच घरातून दोन अर्ज गेले की ऑफिसात कोणाच्याही भुवया उंचावणार. माझं चांगलं चाललेलं रिन्यूअल अडकायचं. शिवाय बायकोच्या पदराला धरून देशात राहायचं? म्हटलं, माझं नाव बाहेर ठेव. तुमचं फसलं तर सांभाळायला कोणीतरी भक्कम हवं.

ही दोनदा म्हणाली, नीट विचार करा. दुसऱ्यांदा सुरी खाली ठेवून म्हणाली.

५ मार्च
कंपनीने रिन्यूअलचं पत्र देण्याआधी दरवर्षी म्हातारी आजारी पडते. म्हणजे मी पाडतो. डाव्या अंगाचा एक स्क्रू दोन आटे सैल. मशीन खडखडतं, साहेब धावत येतात, मी ताडपत्री लावतो, तासाभरात बरं करतो. साहेबांना माझी किंमत आठवते. आठवड्यात पत्र.

यंदा हसऱ्यामुळे जोरकस करायला हवं. चार स्क्रू.

६ मार्च
एक स्क्रू आत पडला. सापडत नाही.

७ मार्च
रोलर वाकला. बाहेर ट्रक उभे. ड्रायव्हर पत्ते खेळतायत. साहेब दर थोड्या वेळाने ताडपत्रीत डोकं घालून विचारतात. हसऱ्या चहा घेऊन आला आणि म्हणाला, मदत करू का. चहा घेतला नाही. काय सांगावं!

१० मार्च
म्हातारी चालू! हात सोलवटले, पण असा विजय आधी कधी झाला नव्हता. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, हे तुमच्याशिवाय कोणालाच जमत नाही ना? मी नम्रपणे म्हटलं, नाही. त्यांनी मशीनचे चारी बाजूंनी फोटो काढले. मलाही एकात घेतलं.

घरी आल्यावर हिला सांगितलं, पत्र आलंच समज. ही म्हणाली, बरं.

२८ मार्च
दोन माणसं टेप घेऊन म्हातारीच्या भोवतालची जागा मोजून गेली. रंगकाम असावं. पत्र नाही. साहेब कामात आहेत.

१६ एप्रिल
हसऱ्या तीन आठवडे ट्रेनिंगला गेला. कसलं, कोणी सांगत नाही. मी डबा खायला बसलो की बोलणं थांबतं. बरोबर आहे, वरच्या जागेसाठी माझं नाव निघालेलं दिसतं. साहेबांनी उद्या केबिनमध्ये बोलावलंय. शर्टाला इस्त्री केली.

१७ एप्रिल
नवीन मशीन येतंय.

साहेबांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. म्हणाले, मार्चमध्ये आमचे डोळे उघडले. अख्खी फॅक्टरी एका माणसावर उभी, आणि त्या माणसाचा व्हिसा दरवर्षी संपतो. उद्या रिन्यू झाला नाही तर आम्ही काय करायचं? इतके दिवस आम्ही डोळे मिटून बसलो होतो. नव्या मशीनची दुरुस्ती मशीनवालेच करतील, चालवायला हसऱ्या. तुमची जागा आता उरली नाही, त्यामुळे यंदा पत्र देता येत नाही.

मी म्हटलं, नवं मशीन मी दोन दिवसांत शिकेन. साहेब म्हणाले, तुम्ही कोणाला शिकवलं नाहीत, त्यामुळे तुम्ही शिकाल की नाही हेही आम्हाला माहीत नाही.

यामागे नक्की कोणीतरी आहे.

१९ एप्रिल
इतर चार ठिकाणी विचारलं. मेअखेर संपणारा व्हिसा म्हटल्यावर फोनवरचा आवाज बदलतो. एकाने वय विचारलं. दुसऱ्याने विचारलं, इतकी वर्षं राहून कायमचं का केलं नाही, काही भानगड आहे का? माझ्यावर संशय! मी फोन ठेवून दिला.

२ मे
हिचा अर्ज मंजूर झाला. कन्येचाही. कायमचा.

कन्या उड्या मारत होती. मला बघून थांबली. त्या थांबण्याने मला जे झालं ते लिहिता येत नाही.

टायवाल्याकडे तिघं गेलो. त्याचा टाय जवळून साधाच आहे. तो म्हणाला, आधीच नाव घातलं असतं तर आज तुमचंही झालं असतं. आता नवा अर्ज करावा लागेल, आणि तुमचा व्हिसा संपला की उत्तर येईपर्यंत देशाबाहेर थांबावं लागेल. किती दिवस? त्याने खांदे उडवले. वृद्धाश्रमाच्या कामाचे अर्ज पटकन सुटतात, नवऱ्यांची रांग वेगळी, काहींना वर्ष लागतं, काहींना दोन. मी हिच्याकडे बघितलं. मला वाटलं आता बोलेल, मी सांगितलं होतं ना. ही वकिलाला म्हणाली, यांचा अर्ज आजच भरायचा. माझी जन्मतारीख तिला तोंडपाठ आहे.

घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. स्वच्छ रडलो. कोणावर संशय घ्यावा तेच कळेना.

२९ मे
उद्याचं विमान. ही म्हणाली, कन्येच्या शाळेसाठी इथे राहावंच लागेल, मला दुसरं काही सुचत नाही हो. मी म्हटलं, बरोबर आहे तुझं. लग्नानंतर असं मी पहिल्यांदाच म्हटलं असावं, कारण ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

संध्याकाळी हसऱ्या आला. नव्या मशीनचं एक बटण समजत नाही म्हणाला. खरं कारण ते नसणार. बॅगा खाली उतरवून देऊन गेला.

११ जून
मोठ्या भावाच्या घरी आहे. पोरांची खोली मला दिली, पोरं हॉलमध्ये झोपतात. सगळे अगदी मायेने वागतात. आल्या दिवशी गोडाधोडाचं झालं, दुसऱ्या दिवशी नातेवाईक भेटून गेले. भाऊ सुट्टी घेऊन दोन दिवस घरी होता, मग कामावर जायला लागला. शेजारी विचारतात, कधी आलात? मग विचारतात, परत कधी? इथे सगळे मला पाहुणा धरून चाललेत, आणि तिकडचा तर मी राहिलोच नाही.

सकाळी हिचा फोन आला. दोघी बऱ्या आहेत. अर्जाचं काही कळलं नाही.

चहा देताना वहिनींनी सहज विचारलं, भाऊजी, किती दिवस आहात? म्हणजे पोरांना तसं सांगता येईल. त्यांच्या मनात काहीही नव्हतं, हे मला पहिल्यांदा शंभर टक्के पटलं. मी त्यांच्या भिंतीवर खिळ्याला अडकवलेल्या कॅलेंडरची पानं उलटत बसलो.