मंगळवारची तारीख

१९ जानेवारी, सोमवार

प्रिय ठकू,

तुम्ही दोघी खुशाल असाल. तुझं पत्र आणि स्वेटर मिळाला. बाह्या बोटभर लांब झाल्यात, पण तुझी वहिनी म्हणते, "दुमडून घाला, बहिणीने मापं काय स्वप्नात घ्यायची?" तिच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. आता तिला घरातली सगळी धूळ दिसते आणि ती माझ्यामुळेच आहे असं तिचं ठाम मत झालंय. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो. मी लक्ष देत नाही.

तू लिहिलंस, लेक विचारते, बाबा कसे होते. आणि तू तिला सांगतेस, हट्टी होते. कायदा झालाय हे माहीत असून घरापेक्षा चौक जवळचा केला.

हे वाक्य वाचल्यापासून आठ दिवस मी तुला पत्र लिहितोय आणि फाडतोय. वहिनीने विचारलं, "कुणाला अर्ज करताय एवढा?"

महिन्यापूर्वी एक वकीलबाई घरी आल्या होत्या. तरुण, चष्मा सारखा वर सरकवणाऱ्या. लेकीच्या बाबांना, आपल्या मास्तरांना, ज्या कायद्याखाली धरलं, त्यावर आता पाच न्यायमूर्तींपुढे सुनावणी आहे. परवानगीशिवाय दहाच्या वर माणसं जमवली तर खटला न चालवता वर्षभर आत, असा कायदा सरकारला करता येतो का, हा मोठा प्रश्न आपल्या वेळी कोर्टाने बाजूला ठेवला होता. निकालात एवढंच म्हटलं की राजपत्रावर तारीख मंगळवारची आहे, सभा बुधवारची आहे, म्हणजे कायदा आधी आणि गुन्हा नंतर. राजपत्रावरची तारीख अंतिम.

"त्या एका वाक्यावर आज अठ्ठावीस माणसं आत आहेत, काका," वकीलबाई म्हणाल्या. "आधी माणूस धरतात, मग कायदा छापतात आणि मागची तारीख घालतात. लोकांना कळवायच्या आधीच सरकारची सत्ता सुरू होत असेल, तर तिला मर्यादा कुठली उरली? त्या आठवड्यात राजपत्र तुमच्या हातून छापलं गेलं. खरंच मंगळवारीच छापलं होतं का?"

मी म्हणालो, "बारा वर्षं झाली, आठवत नाही." त्यांना चहा दिला आणि वाटेला लावलं.

ठकू, मला सगळं आठवतं. मजकूर आमच्या सरकारी छापखान्यात आला तो गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमारास. लखोट्याला लावलेला डिंकसुद्धा ओला होता. मास्तरांना धरून तेव्हा एक रात्र उलटली होती. व्यवस्थापक स्वतः माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, "वर तारीख मंगळवारची घाला." मी म्हटलं, "साहेब, आज गुरुवार आहे." ते म्हणाले, "सरकार कधीपासून सरकार आहे, हे छापखान्याने ठरवायचं नसतं." मी प्रूफ तपासलं. एक वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त केली. तारखेला हात लावला नाही. दुपारी प्रती बाहेर पडल्या.

पुढे मास्तरांच्या सुटकेचा अर्ज चालला तेव्हा कोर्टात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून, राजपत्र मंगळवारी प्रसिद्ध झालं, असं मी शपथेवर सांगितलं. मला कुणी धमकावलं नव्हतं. मी धमकीची वाट बघत होतो, म्हणजे नंतर तरी सांगता आलं असतं. पण तसं काही झालंच नाही. नुसतं विचारलं आणि मी बोललो. बाहेर आल्यावर तू माझा हात धरून म्हणालीस, "दादा, तू खरं तेच सांगितलंस, तुझा काय दोष?"

इथपर्यंत लिहून मी काल उठलो होतो. वाटलं, एवढं पुरे. एवढ्यानेही तू मला दारात उभं करणार नाहीस. पण हे पुरं नाही.

त्या बुधवारी सकाळी साडेनऊला मास्तर छापखान्याच्या फाटकाशी आले होते. पायजम्याला सायकलची क्लिप तशीच, हातात वह्यांचा गठ्ठा, शाळेत जायच्या घाईत. मला बाहेर बोलावून घेतलं आणि विचारलं, "छापून आला का?"

मी म्हटलं, "नाही. उद्याशिवाय येत नाही."

"नक्की?"

"मास्तर, माझ्या टेबलावरून गेल्याशिवाय कायदा होत नाही." मोठ्या ऐटीत म्हणालो मी हे.

ते हसले. म्हणाले, "ठकूला शब्द दिलाय, कायदा झाला की तोंड बंद. आजचा एक दिवस मोकळा आहे, तर चौकात बोलून घेतो." आणि सायकलवर टांग टाकून गेले.

ते हट्टी नव्हते गं. विचारून गेले होते. आणि ज्याला विचारलं तो घरचाच होता. हे लेकीला सांग. माझं नाव घेऊनच सांग.

कोर्टात मी मंगळवार म्हणालो तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या वकिलाने वाकून विचारलं, "काही सांगायचंय?" मास्तरांनी मान हलवली, नाही. "यानेच मला सांगितलं होतं," एवढं म्हणाले असते तर मी खोटा ठरलो असतो, आणि छापखान्यातली बातमी बाहेर दिली म्हणून मलाही आत टाकलं असतं. ते गप्प राहिले. तुरुंगात तुझ्याबरोबर भेटायला आलो, तेव्हाही जाळीपलीकडून मला एवढंच विचारलं, "छापखाना कसा चाललाय?" टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मी झोपू शकलो असतो. त्यानंतर तीन महिन्यांनी त्यांच्या तापाची बातमी आली, आणि मग ते गेल्याचीच.

तेव्हापासून रोज सकाळी साडेनऊला मला सायकलची घंटी ऐकू येते. नोकरीत असताना फाटकाशी जायचो, आता घराचं दार उघडतो. रस्त्यावर कुणी नसतं. तरी तो प्रश्न ऐकू येतो, आणि मी दर वेळी खरं उत्तर देतो, "नाही, उद्याशिवाय येत नाही." मग दार लावतो. आजही लावलं.

शुक्रवारी वकीलबाईंच्या ऑफिसात जाऊन प्रतिज्ञापत्रावर सही केली. गुरुवारची सकाळ, व्यवस्थापकांचे शब्द, फाटकावरचं बोलणं, सगळं लिहून दिलंय. खोट्या साक्षीचा खटला माझ्यावर होऊ शकतो, हे त्यांनी सहीच्या आधीच स्पष्ट सांगितलं. वहिनीला घरी आल्यावर सांगितलं. तिने ताट मांडलं. मग म्हणाली, "बारा वर्षं दार कशाला उघडत होतात ते आज कळलं." जेवायला वाढलं तिने, पण स्वतः बसली नाही.

कायदा टिकतो की पडतो, मला ठाऊक नाही. सरकारी वकील म्हणतील, म्हाताऱ्याच्या आठवणीवर राजपत्र खोटं ठरवायचं का? त्यांचंही बरोबर असेल. अठ्ठावीस जणांचं काय होईल ते न्यायमूर्ती ठरवतील. मास्तरांचं काय झालं ते मी ठरवलं होतं.

तुझ्या घरी मी बारा वर्षं भाऊबीजेला पाटावर बसून जेवलो. तू वाढत होतीस आणि मी "पुरे, पुरे" म्हणत होतो. माफी मागत नाही. तू दिलीस तर ती घेऊन कुठे जाऊ?

सुनावणी येत्या गुरुवारी अकरा वाजता आहे, साक्षीला मलाही उभं करणार आहेत. ये असं म्हणायचा हक्क मला नाही. पण आलीस तर लेकीला घेऊन ये आणि अगदी पुढच्या बाकावर बसा. माझा आवाज हल्ली लहान झालाय. मी काय सांगतो ते तुम्हा दोघींना नीट ऐकू आलं पाहिजे.

वयाने मोठा असून आज तुला वाकून नमस्कार करतो.

दादा