ज्याचं आधी वाढेल तो जिंकला

१ नोव्हेंबर १९६४, रविवार, उंद्री
अर्जुनने मेहकरला भाड्याची खोली पाहिली. नाव नोकरीचं, कारण सून. कोकिळा म्हणते, पाहुण्याले अर्धा कप चहा देतानी मले लाज वाटते. कोठीची किल्ली मागते. हे म्हणाले, मले मधात ओढू नको.
मी मॅट्रिक आहे. काटकसर शिकवणारा खेळच तयार करते. घर फुटत नाही.

३ नोव्हेंबर
पाटावर खडूने घरं आखली. चिंचोके म्हणजे धान्य, प्रत्येकी वीस. कवड्या टाकायच्या. सुगीच्या घरात पाच मिळतात, पाहुण्याच्या घरात दोन जातात. वहीत नियम लिहिला: ज्याचं आधी वाढेल तो जिंकला. किती, ते लिहायला नको. शहाण्याला कळतं.

८ नोव्हेंबर
शेजारच्या मनकर्णाबाईंशी प्रॅक्टिस. मी पाहुण्याच्या घरात आले की कवड्या पुन्हा टाकायच्या, हा नियम ऐनवेळी सुचला. देवाची कृपा. त्या म्हणाल्या, बाई, हा खेळ हाये का कुलूप? येनं हाये, जानं नाही! मत्सर. शेवटी म्हणाल्या, माह्यं संपलं. मी दटावलं, ह्या घरात धान्य संपत नाही, 'वाढलं' म्हणा. चुलीपाशी कोकिळा हसली. खेळ आवडलेला दिसतो.

१५ नोव्हेंबर, एकादशी, दुपारी चार
तुळशीपुढे शब्द दिला. कोकिळा जिंकली तर किल्ली तिची, मी जिंकले तर मेहकरची खोली सोडायची. अर्जुन पंच.
सून अडाण्यासारखी खेळली. पाहुण्याचं घर नसतानाही चिंचोके वाटत सुटली. मी पन्नासवर. तेवढ्यात तिने रिकामे तळहात दाखवले. आत्याबाई, माह्यं वाढलं.
अर्जुनने वही वाचली. माय, तुह्याच अक्षरात हाये.
मी म्हटलं, इथं वाढलं म्हणजे खरंच वाढलं. कोकिळा म्हणाली, मंग तुळशीपुढं 'संपलं' म्हनू का?
नको म्हटलं. किल्लीही दिली नाही. नियम दुरुस्त करून पुन्हा खेळू म्हटलं. कोणी बसलं नाही.

२२ नोव्हेंबर
दोघं सकाळच्या एस.टी.ने मेहकरला गेले. कोकिळा पाया पडली. आठ दिवसांत परत येतील. दुरुस्त नियम पोस्टाने पाठवला.

६ डिसेंबर
उत्तर नाही. ह्यांनी चहा सोडला, कारण सांगत नाहीत. मनकर्णाबाईंना हाक मारली, या, आज पूर्ण कप देते. म्हणाल्या, राहू द्या, आत्ताच घेतला.
कोठी उघडली. साखरेचा डबा महिना उलटला तरी भरलेला.
वाढली. ह्या वेळी खरंच वाढली.